बोअरमधली लाल माती

रविवार, रात्री साडेदहा

अखेर आज मळ्यात बोअर मारली. गाडी पहाटे आली, पोरं सगळी तमिळ. आप्पा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होते, ती हिंदीत उत्तरं देत होती, आणि काम मराठीत अडत होतं.

वर तांबडी माती, मग मुरूम, मग काळा दगड. पाईपमधून राखेसारखी भुकटी उडायला लागली. रताळ्याचे वेल पांढरे झाले. सत्तर फुटांच्या आसपास भुकटीचा रंग एकदम फिरला. विटेसारखी लाल, चिकट माती वर आली. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. हा थर ढासळतो, म्हणजे केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून आत घालायचा पाईप) वाढणार. चाळीस फुटांत भागेल म्हणाले होते, ते ऐंशीवर गेलं.

"दगडाखाली माती कुठनं आली रं?" आप्पांनी विचारलं.

हे मात्र मला सांगता आलं. (भूगोलाच्या मास्तराला घरात एरवी कोण विचारतंय?) आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. एक थर सांडला, थिजला, उघडा पडून कुजला, त्याची माती झाली. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजली गेली. दख्खनचा हा दगड बेळगावच्या आसपास संपत येतो. आपण त्याच्या दक्षिण काठावर बसलोय.

सह्याद्रीतल्या अशाच लाल थरांमधून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनी झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेचले. ज्वालामुखीच्या राखेतून ते त्या मातीत पडलेले. झिरकॉनमधल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. किती झालं ते मोजायचं, की वय निघतं. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत अशनी आदळला, डायनासोर संपले. प्रिन्स्टनवाल्यांच्या हिशेबाने लाव्हाचा एक मोठा लोट त्याआधी कित्येक हजार वर्षं सुरू झाला होता. तिथल्याच बर्कली विद्यापीठाच्या चमूने दगडातला आर्गॉन वायू मोजून वय काढलं, तर त्यांचं म्हणणं उलट: तीन चतुर्थांश लाव्हा टक्कर झाल्यानंतरचा. दोन्ही निबंध 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. डायनासोर मारले अशनीने की आपल्या दगडाने, हा तंटा अजून चालूच आहे. तंटे रेंगाळण्यात आपण सीमाभागवाले कुणाला हार जाणार नाही म्हणा.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. पाणी कितीला लागंल?"

चारशे दहा फुटांवर थांबलो. पाणी जेमतेम इंचभर.

सोमवार, सकाळ

लाल मातीचं एक ढेकूळ शाळेत दाखवायला म्हणून ओसरीवर ठेवलं होतं. उठून बघतो तर जागेवर नाही. आईने ते पाण्यात कालवून तुळशीकट्ट्याला लावलं होतं. "गेरू झक्कास हाय की रे," म्हणाली, "आणखी हाय काय?"