चॅरिटीवाल्यांची खुर्ची

2020 च्या आधी आमच्या हॉस्पिटलची चॅरिटी म्हणजे माझ्यासाठी गेटजवळची दानपेटी, बस. मुलांच्या वॉर्डात खेळणी देतात, भिंतीवर मासेबिसे रंगवून घेतात एवढं ऐकून होते. स्टाफला कशाला चॅरिटी, पगार मिळतो की आपल्याला, असंच वाटायचं.

मी फिजिओ. कोविडच्या पहिल्या लाटेत ड्युटी लागली आयसीयूत, पेशंटला पालथं झोपवायच्या टीममध्ये. व्हेंटिलेटरवरचा माणूस पालथा करायचा तर पाच-सहा जण लागतात, त्यातला एक नुसता डोकं आणि नळी सांभाळून उभा, आणि सोळा-एक तासांनी तोच माणूस परत उताणा करायचा. किटमध्ये घामाची आंघोळ, नाकावर मास्कचे वळ, आणि पाणी प्यायची सोय नाही कारण बाथरूमला जायचं तर सगळं उतरवा. बाहेर आलं की बसायला जागा नाही, अंतर ठेवायचं म्हणून स्टाफरूममधल्या निम्म्या खुर्च्या उचललेल्या. मी जिन्यात बसायचे, भिंतीला डोकं टेकून.

चॅरिटीतल्या एक बाई एकदा तिथेच भेटल्या, म्हणाल्या काय हवंय तुम्हाला? मी वैतागून म्हटलं खुर्ची. त्यांनी खरंच लिहून घेतलं. काही दिवसांनी बंद पडलेल्या सेमिनार हॉलमध्ये मागे रेलता येतील अशा खुर्च्या, मंद दिवे, पाण्याच्या बाटल्या, चार्जर आणि क्रीमच्या ट्यूबा (वळांसाठी, काय आठवणीने आणल्या होत्या!). पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं झोपले आणि कोणी उठवलं नाही.

मास्क मात्र त्यांनी घेऊन दिले नाहीत. मला राग आलेला, लोक देणग्या देतायत आणि तुम्ही खुर्च्या आणताय? बाई शांतपणे म्हणाल्या, मास्क देणं हॉस्पिटलचं काम आहे, ते आम्ही केलं तर त्यांचं बजेट वाचेल, तुमच्या हातात वेगळं काय पडेल? तेव्हा पटलं नव्हतं, आता शंभर टक्के पटतं.

पैसा कुठून कुठून येत होता तेव्हा! ब्रिटनमध्ये कॅप्टन टॉम मूर, शंभरी गाठायच्या आत वॉकर घेऊन अंगणात शंभर फेऱ्या मारायच्या आणि 1,000 पाउंड जमवायचे असं ठरवून निघाले, जमले 3 कोटी 20 लाखांच्या वर, सगळे तिथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या चॅरिटींना. आणि साउथॅम्प्टनच्या हॉस्पिटलात बँक्सीने, म्हणजे भिंतींवर चित्रं काढणाऱ्या त्या निनावी चित्रकाराने, एक चित्र पाठवलं, छोटा मुलगा नर्सच्या वेशातल्या बाहुलीशी खेळतोय, बॅटमॅन आणि स्पायडरमॅन कचऱ्याच्या टोपलीत. मार्च 2021 मध्ये त्याचा लिलाव झाला, दीड कोटी पाउंडांच्या वर गेलं, आणि पैसे स्टाफ आणि पेशंटसाठी.

चुकाही झाल्या. खाण्याचे बॉक्स यायचे दुपारी, त्यामुळे नाइटवाल्यांना रिकामी खोकी दिसायची फक्त. आणि सफाईचा, ट्रॉली ढकलणारा स्टाफ कंत्राटाचा, त्यामुळे यादीत नावच नाही, म्हणजे जे प्रत्येक बेडखाली वाकून पुसत होते त्यांनाच विचारायचं राहून गेलं. एका नर्सने हे तोंडावर सुनावलं, मग बाई एकदा रात्री दोनला स्वतः राउंड मारून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी यादी बदलली. ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील होते त्यांना राहायला खोल्या मिळाल्या, त्यातही सफाईवाले आले, हे मला सगळ्यात आवडलं.

समुपदेशनाची लाइन मात्र पहिले काही महिने जवळपास गप्प. पोस्टरं लावली, कोणी जाईना. लाट चालू असताना माणूस काही बोलत नाही हो, नुसता पुढची शिफ्ट करतो. आयसीयूतले जादा बेड हलवले, रात्री पुरेशी झोप मिळायला लागली आणि मग एकेकाला त्रास सुरू झाला. माझाही नंबर लागला, व्हेंटिलेटरच्या अलार्मसारखा कुठलाही आवाज झाला की हात थरथरायचे. तोवर टाळ्या-बिळ्या सगळ्यांच्या विस्मरणात गेलेल्या, देणग्याही आटलेल्या, पण बाईंनी काही रक्कम मुद्दाम मागे ठेवली होती, त्यातून माझी आठ सेशन्स झाली.

सेमिनार हॉलमध्ये आता परत मीटिंगा होतात. दोन खुर्च्या आमच्या डिपार्टमेंटला आल्या, एकीचा खटका तुटलाय, त्यामुळे ती कायम मागे रेललेलीच असते आणि नवीन पोरं तिच्यावर बॅगा टाकतात. मी उचलून बाजूला ठेवते.