नाडा कुणी पाहिलाय?

१९८६ साली मी नववीत होते. मराठीच्या तासाला सरांनी सावता माळ्याचा अभंग घेतला. ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’ ही ओळ आमच्या माढा तालुक्यात वेगळी शिकवावी लागत नाही. सावतोबांचं अरण इथलंच. पण ‘मोट नाडा विहीर दोरी’पाशी सर थांबले. “नाडा कुणी पाहिलाय?” सगळा वर्ग खुदखुदला. पोरांना परकराचा नाडा आठवला होता.

मला ठाऊक होतं, पण हात वर होईना. आई आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायची आणि बाजार शाळेच्या वाटेवरच. मैत्रिणी बरोबर असल्या की मी मान खाली घालून तिच्यासमोरून निघून जायची. आईने कधीच हाक मारली नाही. आज ते आठवलं की पोटात तुटतं.

सरांनी माझंच नाव घेतलं. उभी राहिले आणि सांगत गेले. विहिरीतून पाणी उपसायची कातड्याची मोट, तिच्या तोंडाला जाड दोर तो नाडा, सोंडेला बारीक दोर तो सोंदूर. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरले की मोट भरून वर येते, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं, तिथून पाटाला लागतं. आमच्या विहिरीवर तोवर इंजिन आलं होतं, पण आजोबांचा नाडा गोठ्यात खुंटीला होता. घासून घासून गुळगुळीत झालेला. पाडव्याला आजोबा त्याला हळदकुंकू वाहायचे.

सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “सावतोबा पंढरीला गेले नाहीत म्हणतात. पाण्याचं दारं धरलेलं असताना माळी मळा सोडून जाईल का?” पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते, हे आम्ही लहानपणापासून पाहत होतो. का येते, ते त्या दिवशी कळलं. सरांनी पुढची ओळ सावकाश म्हटली, ‘अवघी व्यापिली पंढरी’. आता कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरच्या कामातला एक शब्द आणायचा होता. शिंप्याच्या मुलाने काज आणलं, कुंभाराच्या मुलीने थापटणं. सरांनी एकाला नामदेव दिले, दुसरीला तेरचे गोरोबा. दळणाचं जातं घरोघरी, म्हणून जनाबाई सगळ्यांची.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी दप्तरासकट आईशेजारी जाऊन बसले आणि मेथीच्या जुड्या बांधू लागले. ती एवढंच म्हणाली, “मुळं आत घे, माती लागंल.”

पुढे मी नर्स झाले. रात्रपाळीला सलाईनचे थेंब मोजताना अजूनही आजोबांचा पाट डोळ्यांपुढे येतो. एका वाफ्यात पाणी जास्त झालं तर पीक पिवळं पडतं, कमी झालं तर करपतं, म्हणून नजर हलवायची नाही. पूजेला मी फारशी बसत नाही. ती मोजणी हाच माझा जप, असं मी मानते.

मागे वॉर्डात एक म्हातारे शेतकरी होते. पहाटे तीनच्या सुमारास बाटलीकडे टक लावून पडले होते. मी जवळ गेले तशी म्हणाले, “पाणी लई बारीक चाललंय गं पोरी. फुटलं का कुठं?”

पाहिलं तर नळी खरंच दुमडली होती. सरळ केली. थेंब पुन्हा लयीत पडू लागले.

“हां,” ते म्हणाले आणि डोळे मिटले. “आता लागलं वाफ्याला.”