भाड्याच्या घरातली ओल: माझा अनुभव

भाडेकरू घर सोडत होते त्या दिवशी किल्ली घ्यायला गेलो, तर दारातच कुबट वास आला. सिंकखालचं कपाट उघडलं. प्लायवूड फुगलेलं, बोट लावताच त्याचे पापुद्रे हातात आले. मागची भिंत कमरेपर्यंत काळी पडलेली. खाली एक प्लास्टिकचा डबा ठेवला होता, पाण्याने काठोकाठ भरलेला. म्हणजे गळती त्यांना माहीत होती आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

राग आला, पण आधी त्या भिंतीतल्या सॉकेटचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली पाडला. मग त्यांच्यासमोरच फोटो काढले, ओलीला मोजपट्टी लावून, आणि तेच त्यांनाही पाठवले.

प्लंबरने सिंकचा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा वाकडा सांडपाण्याचा पाइप, बदलला आणि काम झालं म्हणाला. मला पटेना. सिंक वापरलं तरच ट्रॅप गळणार. इथे तर पलीकडच्या खोलीतही रंगाखाली क्षारांची पांढरी भुकटी साचली होती. मग सगळे नळ बंद केले, मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि दोन तासांनी पाहिला. आकडा पुढे सरकला होता. गिलावा फोडल्यावर सापडलं: पाइपच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, केसाएवढी चीर, आणि तिच्यातून थेंब फुगायचा, सुटायचा, पुन्हा फुगायचा. किती महिने हे चाललं असेल, या विचाराने पोटात कालवलं.

पाइप एका दिवसात झाला. खरा कस लागला तो भिंत वाळवण्यात. रंगारी म्हणाला, वॉटरप्रूफ रंग मारून देतो. मी ठाम नकार दिला. ओल्या भिंतीवर रंग चढवला की ओल आतच कोंडते आणि काही महिन्यांत पोपडे धरतात. भुसभुशीत गिलावा विटांपर्यंत काढून टाकला, खिडक्या उघड्या, पंखा चालू. बुरशी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली. कोरडा ब्रश मारला असता तर ती घरभर उडाली असती. दर आठवड्याला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून विटांवर चिकटवायचो आणि दुसऱ्या दिवशी आतून दमट आहे का बघायचो. तो कोरडा निघायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस घर रिकामं राहिलं, भाडं बुडालं.

डिपॉझिटचं बोलायला बसलो तेव्हा भाडेकरू ताईंना विचारलं, "एक फोन का नाही केलात?" त्या म्हणाल्या, "गीझरचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमच्याच वापराने बिघडला. म्हणून डबा ठेवला." मी खरंच तसं म्हणालो होतो. पाइप जुना झाला, तो खर्च माझाच. कपाट मात्र वेळेवर कळवलं असतं तर वाचलं असतं. त्याचा अर्धा खर्च तेवढा कापला. त्यांनी हिशोब पाहिला आणि मान्य केला.

नव्या करारात एक कलम घातलं: ओल किंवा गळती दिसली की लगेच फोटो पाठवायचा, आणि कळवलं म्हणून डिपॉझिटला हात लागणार नाही. सही करण्याआधी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात नव्या भाडेकरूंचा फोटो आला, बाथरूमचा नळ थेंबथेंब गळतोय. त्याच संध्याकाळी जाऊन वॉशर बदलून आलो.