वरचे दात

खूर कापायला बसलं की शेळीचं तोंड बरोबर आपल्या कॉलरशी येतं आणि मग चघळणं सुरू. परवा दुपारी तिने शर्टाचं बटणच तोडलं. ओठ वर करून बघितलं तर खाली आठ दात, वर पुढच्या बाजूला एकही नाही, नुसती कडक हिरडी. बटण गेलं पोटात.

लहानपणी मामाने असाच एका शेळीचा ओठ वर करून मला दाखवलं होतं, बघ, हिने लोकांच्या वह्या खाल्ल्या म्हणून वरचे दात झडले. मी कितीतरी दिवस तिच्यापासून गृहपाठाची वही लपवून ठेवायचो, की उगाच हिचे उरलेले पण जायचे! गाई-म्हशी-मेंढ्या कुणालाच ते दात नसतात हे फार उशिरा कळलं, आणि तोवर मामाच्या बाकीच्या गोष्टींवर पण डाउट यायला लागला होता. वय मात्र तो पक्कं सांगायचा. सगळे दुधाचे म्हणजे वर्षाच्या आतबाहेरची, मधली मोठी जोडी आली की दोन दाती, मग साधारण दर वर्षाला एक जोडी, चारेक वर्षांत तोंड जुळलं, म्हणजे आठही मोठे दात आले. विकणारा काहीही सांगू दे, आपण ओठ वर करायचा.

शेळ्यांच्या शोमध्ये जज पण तेच करतो म्हणा, फक्त त्याला खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकतात का ते बघायचं असतं. मग पाठीवरून हात, सरळ आहे का, मागचे पाय कसे पडतात, कास वर घट्ट धरलेली आहे की लोंबतेय, सडं दोनच ना. कानांचा तर वेगळाच तमाशा, न्युबियन जातीच्या शेळीचे लांब लोंबते हवेत आणि लामांचा जातीला ते जवळजवळ नसलेलेच बरे. आपण आधी आंघोळ घालून, मशीनने केस कापून, पट्टा लावून रोज चालवून चालवून तयार करतो आणि रिंगणात गेल्यावर बाईसाहेब चारी पाय रोवून उभ्या.

२०१८ साली लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी शेळ्यांना अनोळखी माणसांचे हसरे आणि रागावलेले फोटो दाखवले, तर त्या हसऱ्याकडे जास्त गेल्या. हे वाचल्यापासून मला रिंगणातले सगळे चेहरे दिसायला लागलेत, कपाळाला आठ्या, दात-ओठ खात दावं ओढणारे. कोण येईल अशा माणसामागून?

आणि शेळीच्या डोळ्यांत कुणी बघत नाही. ती आडवी बाहुली. शेळीने मान खाली घातली की आख्खा डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते, म्हणजे चरता चरता पण चहूकडे लक्ष. बादलीत तोंड घातलं की शेजारी बसून बघा एकदा, मी तर त्या नादात खूर कापायचंच विसरतो.

आता दोघीतिघी गाभण आहेत. पाच महिन्यांचा हिशोब, बहुतेकदा जुळी होतात, आणि पाटींची, म्हणजे मादी करडांची, नावं आम्ही आधीच ठरवून ठेवलीत. नरांची नाही ठरवत. कळपाला एक बोकड पुरतो, तो माजावर आला की स्वतःच्याच दाढीवर मुततो आणि वर स्वतःला हिरो समजतो, त्याचे लाड होतात, फोटो निघतात. पण जन्मणाऱ्या करडांत निम्मे नर असतात. बाकीचे कुठे जातात ते या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि शोच्या गप्पांत कास, पाठ, दात सगळं निघतं, हा विषय निघत नाही. मी पण काढत नाही.