सात फेरे आणि रेनकोट

आज वटपौर्णिमा. फोंड्यात पहाटेपासून पाऊस. नऊवारीवर रेनकोट चढवून वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायका बघायच्या असतील तर गोव्यात यावं! मीही त्यातलीच एक. चौथ्या फेऱ्यात सूत भिजून तुटलं. मागची काकी म्हणाली, "गाठ मार गं, चालतं."

वाण द्यायला काल बाजारात गेले होते. फणसाचे गरे, अननस, केळी मिळाली. मानकुराद पावसाबरोबर संपलेला, म्हणून साधेच आंबे घेतले. पाच जणींना वाण दिलं आणि पाच वाणं घरी आली, म्हणजे फळं तेवढीच! बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्याही होत्या, त्या मात्र नाही घेतल्या. झाडाची पूजा करायला झाडच तोडायचं, हे मला कधी पटलं नाही.

घरी येऊन वनपर्वातली सावित्री पुन्हा वाचली. यमाकडे तिने आधी काय मागितलं? सासऱ्यांची दृष्टी, मग त्यांचं राज्य, मग वडिलांना शंभर पुत्र. नंतर स्वतःला शंभर पुत्र मागितले आणि यम तथास्तु म्हणून फसला. नवऱ्याशिवाय ते होणार कसे? कसली हुशार बाई!

इकडे आमचे सत्यवान वाणातले गरे संपवून झोपलेत. उपास माझा.