डोकं कोण घेणार?

मालवणच्या बंदरावर मासे घेतले की ते कापून द्यायला बायका बसलेल्याच असतात. तांबोशी पुढ्यात ठेवली की खवले उडतात, पोट साफ होतं, आणि कोयती कल्ल्यामागे टेकवून बाई वर बघते. ‘डोक्या व्हया?’ मुंबईकडचे पाहुणे बहुतेक वेळा ‘नको’ म्हणतात. पैसे अख्ख्या माशाचे मोजलेले असतात, पण ताटातून कुणी आपल्याकडे बघत बसलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी नाकारलेलं डोकं वाया जातं, असं मात्र कुणी समजू नये.

आमच्या घरात डोकं काकांचं. हा मान वयाचा असं म्हणायची पद्धत आहे, पण माझ्या मते तो वेळेचा. तुकडी पाच मिनिटांत संपते. डोकं खायचं तर हात धुवायची घाई नसलेला माणूस लागतो. ‘तुकडी कोणय खाता,’ असं म्हणून काका डोक्याला हात घालतात. आधी गालातला मांसाचा गोळा, मग कल्ल्यावरचं झाकण, मग जबडा, मग डोळ्यांभोवतीचं मऊ मऊ. सुटलेलं प्रत्येक हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवायचं. जेवण संपेपर्यंत कडेला ही एवढी रास. लहानपणी मला प्रश्न पडायचा, एवढ्याशा डोक्यात इतकी हाडं कशी? प्रश्न बरोबरच होता. पुष्कळ माशांच्या कवटीत शंभराच्या वर हाडं असतात. काकांच्या स्वतःच्या कवटीत फक्त 22.

हा 22 चा आकडा घरात आणला माझ्या पुतणीने. ती मेडिकलला आहे. गणपतीच्या सुट्टीत येताना तिने अभ्यासाला म्हणून एक कवटी आणली. प्लास्टिकची, प्रत्येक हाड वेगळ्या रंगाचं, सगळे भाग सुटे होणारे. घरात गणपती आणि पडवीत कवटी. काकी दारातच थांबली. ‘कोणाचा गो ता?’

‘कोणाचाच नाय गे आजये, प्लास्टिकचा.’

काकीचा विश्वास बसला नाही, पण भीती गेली. तिने कवटी मांडीवर घेतली, डोक्यावरून अंगठा फिरवत नेला आणि वरच्या बाजूला, कपाळाचं हाड मागच्या दोन हाडांना भेटतं तिथे, बरोबर थांबवला. ‘हयसर टाळू.’ पुतणी बघतच राहिली. त्या जागेचं नाव पाठ करायला तिला एक संध्याकाळ लागली होती. काकीने घरातल्या आणि शेजारच्या किती पोरांच्या टाळूवर खोबरेल थापलं असेल त्याचा हिशोब नाही. बाळाच्या कवटीची हाडं जन्मताना जुळलेली नसतात. वाटेत ती एकमेकांवर थोडी सरकतात, म्हणून तर डोकं बाहेर येतं. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची, चौकटच्या आकाराची, भरायला साधारण वर्ष-दीड वर्ष घेते. तेलाने ती लवकर भरते असं काकीचं ठाम मत आहे. हाड आपल्या वेळेनेच भरतं. पण तेल लावताना टाळू खोल गेलीय की फुगलीय हे जुन्या बायकांना बोटाला कळायचं, आणि ते कळणं खरंच महत्त्वाचं असतं. जुलाबाने बाळातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते.

सुट्टीभर ती कवटी पडवीच्या बाकावर होती, आणि माझं जेवताना ताटाकडे लक्ष कमी, काकांच्या ताटाकडे जास्त. एका बाजूला तांबोशीचं डोकं, दुसऱ्या बाजूला रंगीत माणूस. बघता बघता ओळखी पटायला लागल्या.

माशाला मान नसते ही पहिली गोष्ट. बघितलेलं सगळ्यांनी असतं, लक्षात कुणाच्या येत नाही. त्याच्या खांद्याची हाडं थेट कवटीलाच जोडलेली. म्हणून तर डोकं कापून घेतलं की त्याच्यासोबत पुढच्या परांच्या मुळाशी असलेला तो चविष्ट भागही येतो. कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर 2004 साली टिक्टालिक नावाच्या प्राण्याचे जीवाश्म सापडले. सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी म्हणजे अर्धा मासा. अंगावर खवले, परांत मनगटासारखी हाडं, आणि कल्ल्यांवरच्या झाकणाची हाडं गायब. ती गेल्यामुळे खांदा कवटीपासून सुटा झाला आणि मान मिळाली. काका जे झाकण चोखून ताटाच्या कडेला ठेवतात, ते आपल्या पूर्वजांनी टाकलं तेव्हा कुठे मागे वळून बघता यायला लागलं.

टाकलं ते थोडं, वापरलं ते जास्त. कोकणात जुनं घर पाडलं तर त्याचे चांगले वासे कुणी फेकत नाही, कोण ते गोठ्याला लावतो, कोण माडीला. कवटीचं काम तसं झालेलं आहे. माशाचा खालचा जबडा आणि वरचा भाग जिथे एकमेकांना सांधतात, तिथली दोन हाडं आपल्या जबड्यात नाहीत. ती कानात आहेत. हातोडी आणि ऐरण म्हणतात त्यांना, आणि त्यांच्या पुढे असते रिकीब, जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. ही रिकीबही माशात जबडा कवटीला टांगून ठेवायचं काम करत होती. डुकरांच्या गर्भांची चिरफाड करून जबडा आणि कान यांचं हे नातं रायशर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1837 साली दाखवून दिलं. डार्विनचं पुस्तक यायला तेव्हा बावीस वर्षं बाकी होती, त्यामुळे हे नातं कशामुळे, हे त्या वेळी सांगायची सोय नव्हती. मला मात्र हे वाचल्यापासून काकांचं जेवताना होणारं चोखण्याचं आवाजी काम वेगळंच वाटतं. माशाचा जबडा मोडल्याचा आवाज ते माशाच्याच जबड्याने ऐकत असतात.

आणि हे सगळं सांगताना मोरीला विसरून चालणार नाही, कारण मालवणात मोरीचं मटण विसरलं तर लोक मला विसरतील. मोरी म्हणजे शार्कच, आणि तिच्या अंगात हाड म्हणून नाही, सगळी कूर्चा. म्हणून पोरांना निर्धास्त वाढता येते. आईच्या पोटात आपल्या कवटीचा तळ आधी कूर्चेचाच घडतो, मग त्याचं हाड होतं. वरचा घुमट आणि चेहऱ्याची बहुतेक हाडं मात्र कूर्चेच्या वाटेला जातच नाहीत, पातळ पडद्यात थेट हाड धरतं. ही वरची हाडं जुन्या माशांच्या कातडीतल्या चिलखताची वंशज. म्हणजे खालून मोरी, वरून चिलखत, आणि मधे आपण विचार करतो.

चेहऱ्याच्या चौदा हाडांत माझं लाडकं कुठलं विचाराल तर नाकाच्या पडद्यात मागच्या बाजूला उभं असलेलं फाळाचं हाड. नांगराच्या फाळासारखं दिसतं म्हणून त्याला तसं नाव दिलं. तांबोशीलाही ते आहे, आणि गंमत म्हणजे तिच्या फाळावर दात असतात. पुढच्या वेळी डोकं मिळालं तर तोंड उघडून टाळ्याला आतून बोट लावून बघा, खरखरीत लागेल. आपल्या फाळावर दात नाहीत हे बरंच आहे. दंतवैद्याकडे जायचे प्रसंग आहेत तेवढे पुरे.

त्याच्या वरच्या अंगाला एका हाडाला बारीक बारीक भोकं असतात. शास्त्रातही त्याला चाळणीचंच नाव आहे. वासाच्या नसा त्या भोकांतून मेंदूकडे जातात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडली की वास पडवीपर्यंत येतो, आणि ज्याला तो येतो त्याची चाळणी शाबूत आहे एवढं नक्की.

पुतणीने मला एक प्रयोग शिकवला. दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा आणि काही तरी चावल्यासारखं करा. बोटांखाली हलतं ते चावायचंच स्नायू, कवटीच्या बाजूला पसरलेलं. ते गालफडाच्या कमानीच्या आतून खाली उतरतं आणि जबड्याला धरतं. काका डोक्यातला जो गालाचा गोळा सगळ्यात आधी खातात तो माशाचा हाच स्नायू. म्हणून तर तो इतका घट्ट आणि गोड. माशाचं आयुष्य तोंड उघडबंद करण्यात जातं.

त्याच कानशिलापाशी चार हाडं भेटतात आणि तिथे कवटी सर्वांत पातळ असलेल्या जागांपैकी एक आहे. तिच्या आतून एक धमनी जाते. तिथे मार बसला की आत रक्त साचतं आणि माणूस आधी बरा बोलतो, मग अचानक कोसळतो. पुतणी हे सांगत होती तेव्हा आम्ही माडाखालीच बसलो होतो. काका निश्चिंत. नारळाला डोळे असतात, तो माणूस बघून पडतो, असं आमच्याकडे मानतात. पीटर बार्स नावाच्या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीतल्या एका रुग्णालयाची चार वर्षांची नोंद तपासली तर मार लागून दाखल झालेल्यांत 2.5 टक्के लोक नारळ पडून आलेले. हा लेख 1984 साली छापून आला आणि 2001 मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. मी काकांना आकडा सांगितला. ते म्हणाले, तिकडचे नारळ वेगळे असतील. तरी दुसऱ्या दिवशी खुर्ची दोन हात सरकलेली दिसली. यावर मी काही बोललो नाही.

हनुवटी माशाला नाही, माकडाला नाही, निअँडरथल माणसालाही नव्हती. आपल्यालाच आहे, आणि ती कशासाठी यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. दाढी करताना त्रास द्यायला, असं माझं मत.

आता घोळीचं सांगतो. घोळ माशाच्या डोक्यात दोन पांढरे दगड निघतात, हे कापणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. ते त्याच्या कानातले. तोल सांभाळायला आणि ऐकायला लागतात, आणि झाडाच्या खोडासारखी त्यांच्यावर वर्षागणिक वळी पडतात, त्यावरून माशाचं वय मोजतात. चुनखडीच्याच जातीचे असे खडे आपल्याही कानात असतात, फक्त धुळीएवढे. कवटीतल्या सगळ्यात कठीण हाडाच्या आत ते नीट बसलेले असतात तोवर आपल्याला त्यांची आठवण नसते.

गणपतीनंतर काकीला चक्कर यायला लागली. कूस बदलली की खोली फिरायची. अॅसिडिटी झाली, मान धरली, नजर लागली, सगळं म्हणून झालं. मग कानाच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवलं, थोडं थांबले, दुसऱ्या बाजूला वळवलं, कुशीवर केलं आणि उठवून बसवलं. औषध नाही, गोळी नाही. खडे जागा सोडून कानातल्या वळणदार नळीत गेले होते, ते वाट काढून परत नेले, एवढंच. चक्कर तिथल्या तिथे गेली. काकी फी देताना कुरकुरली, कारण डॉक्टरने दिलं काहीच नव्हतं, नुसती मान फिरवली होती.

पथ्य काही आहे का, असं तिने दोनदा विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. तरी तिने आपल्या मनाने महिनाभर घोळ बंद केली आहे, आणि काकांचीही केली आहे. खड्याला खडा मिळायला नको म्हणते.