हजेरी

वैशाख, शनिवार. रात्रीचे सव्वादहा, उकाडा मरणाचा.

आज सकाळचा सगळा वेळ रेशनच्या दुकानात गेला. शेजारच्या काकीला घेऊन गेलो होतो. तिसरी खेप. आमच्याकडे दुकान आहे सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी, आणि रेंज आहे सड्याच्या माथ्यावर. त्यामुळे दुकानदार अंगठा तपासायचं पॉस मशीन छातीशी धरून बाहेर येतो आणि समोरच्या फणसाखाली उभा राहतो. तिथे दोन कांड्या मिळतात. आम्ही सगळे त्याच्यामागे. देवळात पालखीमागे चालतात तसे.

काकीने थंब लावला. मशीन म्हणालं, जुळत नाही. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक करत दहाही बोटं झाली. दुकानदाराने तिची बोटं स्वतःच्या रुमालाने पुसली, कोणीतरी म्हणालं खोबरेल लाव, कोणी म्हणालं उलट माती लाव. काकी पदराने बोटं पुसत होती आणि दर वेळी ती आपला अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघत होती, जणू चूक तिथेच कुठेतरी दिसेल. शेवटी म्हणाली, "माजे रेघो काजींनी खाल्ल्यानी रे झिला."

खरंच खाल्ल्यात. बावीस वर्षं काकी काजूच्या कारखान्यात बी फोडायला होती. बीच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, हातमोजे घाला (मोजे घातले की हात चालत नाही, आणि पैसे किलोवर), ते तेल बोटात शिरायचं तिथे शिरतंच. आधी काळे डाग पडतात, मग कातडी सोलवटते, मग नवी येते ती गुळगुळीत. मी आज पहिल्यांदा तिचा अंगठा हातात घेऊन नीट बघितला. समुद्रावरच्या गोट्यासारखा होता. दिवाळीच्या डब्यात आपण जो अख्खा पांढरा गर बघतो, त्याच्या दोन फाकी होऊ नयेत म्हणून ही बोटं अशी झालीत. आणि आता तीच बोटं विचारतायत की बाई, तू नक्की तूच ना?

दुकानदार माणूस चांगला आहे. म्हणाला, डोळ्याचं मशीन आहे, डोळा दाखव. त्यावर काकी म्हणाली, "ह्या वयात माका डोळो मारूक सांगतंस? लाज नाय तुका?" फणसाखालची सगळी रांग हसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला तो डोळाही मशीनला पटला नाही ते वेगळं. राहिला ओटीपी. तो जातो मुलाच्या मोबाइलवर. मुलगा मुंबईला एका टॉवरमध्ये सिक्युरिटीला आहे, दिवसभर कॅमेऱ्यांच्या स्क्रीनसमोर बसून असतो, आणि ड्युटीवर स्वतःचा फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे ओटीपी लॉकरात पडला, दहा मिनिटांनी मेला, आणि काकीचं धान्य पोत्यातच राहिलं.

महिन्याला ५ किलो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट. देशात ८० कोटींच्या आसपास माणसं ह्यावर आहेत. मला एक गोष्ट कधी कळलेली नाही. इतक्या लोकांना फुकट धान्य लागतं ही सरकारने छाती फुगवून सांगायची बाब आहे की मान खाली घालून? प्रत्येक सरकार छाती फुगवतं. असो.

आधारबद्दल मी पूर्वी बराच उत्साही होतो, हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की मला आधीपासून माहीत होतं. पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात दिला गेला, नंदुरबारमधल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हा काँग्रेसवाले टाळ्या वाजवत होते आणि भाजपवाले शंका काढत होते. २०१६ ला कायदा आला तेव्हा टाळ्या आणि शंकांनी जागा बदलल्या, आणि तो कायदा धन विधेयक म्हणून नेला, म्हणजे राज्यसभेला फक्त सूचना करता याव्यात. मला वाटलं होतं, बरं झालं, मधले दलाल जातील, मेलेल्यांच्या नावावर रॉकेल उचलणारे जातील. काही प्रमाणात गेलेही असतील. पण आमच्या गावात जे पूर्वी रॉकेल उचलायचे त्यांचे आता तीन डंपर आहेत, आणि रांगेत उभी आहे ती काकीच.

लाडक्या बहिणीचंही तेच. योजना आली २०२४ च्या जूनमधल्या बजेटात, निवडणूक नोव्हेंबरात. त्या चार महिन्यांत फॉर्म असे भरून घेतले की विचारू नका, गावातली पोरं मोबाइल घेऊन घरोघर फिरत होती, कागद कमी असला तरी "बघू नंतर". नंतर म्हणजे मतं पडल्यावर. सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. काकी त्रेसष्ट वर्षांची. फॉर्म मीच भरत होतो. "घोव थंय वर, बापूस त्येच्या आदी गेलो," ती म्हणाली, "ओटीपी खंय जातलो?" शेवटी दोघांचे मृत्यूचे दाखले काढून अंगणवाडीत नेऊन दिले. वडलांच्या दाखल्यासाठी पंचायतीत चार फेऱ्या. १५०० रुपयांसाठी एका बाईने आपण विधवा आणि पोरकी असल्याचं सिद्ध केलं. मत देताना मात्र तिला शाई लावलेलं बोट चाललं, त्यावरच्या रेषा कोणी बघितल्या नाहीत.

मी हिशोबाची कामं करतो, लोकांची रिटर्न भरतो, म्हणून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायचे कागद. २०१८ ची योजना, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेला सांगितलं ६ मार्चपर्यंत तपशील द्या. बँक म्हणाली, कोणी विकत घेतले आणि कुठल्या पक्षाला गेले हे जुळवायला ३० जूनपर्यंत वेळ द्या. ३० जून, म्हणजे लोकसभेचा निकाल लागून सगळ्यांच्या शपथा झाल्यावर. रोखे होते बावीस हजारांच्या घरात. प्रत्येकावर क्रमांक, तोही साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील दिव्याखाली धरला तर दिसणारा. ११ मार्चला कोर्टाने मुदत नाकारली, १२ मार्चला संध्याकाळी घेणाऱ्यांची आणि पक्षांची वेगवेगळी यादी हजर, आणि कोर्टाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला क्रमांकही हजर! चार महिन्यांचं काम दहा दिवसांत. फणसाखाली दोन कांड्यांच्या रेंजवर काकीचा अंगठा दिल्लीपर्यंत जाऊन तीन सेकंदांत परत येतो, "जुळत नाही" घेऊन. कोटींचा रोखा कोणाचा हे सांगायला मात्र चार महिने लागणार होते. तंत्रज्ञान कमी पडत होतं असं कोणी म्हणू नये माझ्यासमोर.

आजी संगमेश्वराकडची. ती खोतांच्या, म्हणजे कोकणात सरकारसाठी सारा गोळा करता करता गावाचे मालक होऊन बसलेल्यांच्या, गोष्टी सांगायची, तिच्या वडलांकडून ऐकलेल्या. भात पिवळं व्हायला लागलं की खोताचा माणूस बांधावर येऊन उभा राहायचा आणि नजरेनेच ठरवायचा की ह्या तुकड्यात इतके मण निघतील. त्याला अभावणी म्हणत. मग पाऊस पडो, रानडुकरं खावोत, तेवढं द्यायचं. वही खोताकडे. कुळाला वही बघायला मिळायची नाही, पावती तर लांबच. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ला संप केला तो सहा वर्षं चालला, शेती पडीक ठेवली, लाकडं फोडून पोटं भरली. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती मोडायचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आजी म्हणायची, खोत वाईट होता म्हणून नव्हे, काही चांगलेही होते, आजारपणात पेज पाठवणारे. पण वही त्याच्याकडे होती. आज मशीन "जुळत नाही" म्हणालं तेव्हा मी दुकानदाराला विचारलं, का जुळत नाही ते कुठे लिहिलेलं येतं का? तो म्हणाला, एक नंबर येतो फक्त, त्याचा अर्थ मलापण माहीत नाही भाऊ.

संध्याकाळी बंदरावर गेलो होतो थोडा वारा खायला. रापणीवाला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारा, मित्र भेटला. २६/११ ला कुबेर ट्रॉलरमधून माणसं आली, आणि तेव्हापासून आमच्या दर्यावर्दींना कार्डं, बोटांचे ठसे, आता होडीवर ट्रान्सपाँडर, म्हणजे होडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र. त्याची तक्रार ट्रान्सपाँडरची नाही, वादळात उपयोगी आहे म्हणतो. तक्रार वेगळीच. "माजी होडी खंय आसा तां दिल्लीक कळता. एलईडीवाल्यांचो उजेड किनाऱ्यार बसान पोरांका दिसता, सायबांका दिसणा नाय." एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे. आम्ही बोलत होतो तेव्हा क्षितिजावर पांढरा उजेड होता, गावाची जत्रा लागावी तसा. मी मोजले, पाच.

हे सगळं लिहिताना मी फार शहाणा आहे असं वाटायला लागलं, म्हणून आता तेही लिहितो जे लिहायचं नव्हतं.

आमची साठ कलमं आहेत. दोन वर्षांपूर्वी हापूसची चोरी झाली, रातोरात सहा-सात पेट्यांचा माल गेला. तेव्हा मी बागेत दोन कॅमेरे बसवले, सिमवर चालणारे. राखणीला एक नेपाळी जोडपं आहे, दर वर्षी पौषात येतात, मे संपला की जातात, बागेतच पत्र्याच्या खोलीत राहतात. एक कॅमेरा गेटवर. दुसरा, मांगरात (बागेतल्या झोपडीत) अढी, म्हणजे पिकायला घातलेले आंबे, असते तिथे नजर राहावी म्हणून लावला, पण त्यात त्यांच्या खोलीचं दार, चूल आणि दोरीवरचे कपडे येतात. मला हे बसवताना लक्षातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आलं होतं, पण कोन बदलायला पुन्हा मिस्त्री बोलवायचा म्हणून राहिलं. गेल्या आठवड्यात दुपारी तीनला मी पंख्याखाली आडवा पडून फोन बघत होतो, आणि तो मला बांबूच्या खाटेवर झोपलेला दिसला. मी फोन लावला. स्पीकरवर दोन शब्द सुनावले. तो दचकून उठला, इकडे तिकडे बघितलं, आणि मग वर कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. मी अजून आडवाच होतो.

रात्रभर टॉर्च घेऊन फिरलेला माणूस दुपारी झोपणारच. मला ते माहीत होतं. पण फोन लावायला एवढं सोपं होतं, की लावला. त्याच्याकडे माझ्या खोलीचा कॅमेरा नाही.

आज हे लिहिता लिहिता सवयीने ॲप उघडलं. गेटचा कॅमेरा ठीक. दुसरा काळा. आधी वाटलं नेट गेलं, पण वर वेळ सरकत होती आणि कोपऱ्यात कापडाची वीण दिसत होती. टॉवेल. वाळत घालताना वाऱ्याने उडाला की मुद्दाम टाकलाय, कळायला मार्ग नाही. वारा तर आज पानाला हलवत नाहीये.

फोन लावला नाही.

उद्या काकीला घेऊन सकाळी सातला जायचंय. दुकानदार म्हणालाय त्या वेळी सर्व्हर मोकळा असतो. काकीने आत्तापासून हाताला खोबरेल लावून ठेवलंय.